हिमनद्यांखालच्या मिथेनचा अभ्यास: सांगली-साताऱ्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगोल किंवा पर्यावरणशास्त्र शिकलेल्या आणि हिमनद्या व हिमचादरींमधून बाहेर पडणाऱ्या मिथेनवर काम करण्याची इच्छा असलेल्या नवोदितांसाठी हा लेख आहे. कृष्णेच्या काठी राहून बर्फाचा अभ्यास कसा करणार, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु या विषयातला कौशल्याचा मोठा भाग बर्फावर नव्हे, तर पाण्याचा नमुना बाटलीत बंद करणे, त्यातला वायू मोजणे आणि ओढ्याचा विसर्ग काढणे या कामांत आहे, आणि ती सर्व कामे येथे शिकता येतात. सुरुवातीपासून एक गोष्ट पक्की धरावी. पाण्यात मिथेन सापडला म्हणजे उत्सर्जन सापडले असे होत नाही. मिथेन कुठे तयार झाला, किती काळ अडकून राहिला, वाटेत सूक्ष्मजीवांनी त्यातला किती संपवला आणि हवेत प्रत्यक्ष किती गेला, या चार गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे हेच या अभ्यासाचे मुख्य काम आहे.

पहिली पायरी: आपण कोणत्या मिथेनबद्दल बोलतो आहोत ते ठरवणे

हिमनदीशी मिथेनचा संबंध तीन प्रकारे येतो. पहिला प्रकार म्हणजे बर्फातल्या बुडबुड्यांत कोंडलेली जुनी हवा. अंटार्क्टिकातल्या डोम सी येथील बर्फगाभ्यातून गेल्या सुमारे ८ लाख वर्षांतल्या मिथेनचा इतिहास याच हवेतून वाचला गेला. दुसरा प्रकार म्हणजे बर्फाच्या तळाशी, दगड आणि गाळ यांच्यामध्ये, ऑक्सिजन संपलेल्या जागी आर्किया गटातल्या मिथेनजनक सूक्ष्मजीवांनी तयार केलेला वायू. हिमनदी पुढे सरकताना जुनी माती, दलदल, तळ्यांतला गाळ यांवर चढते आणि तो सेंद्रिय कार्बन या सूक्ष्मजीवांचे अन्न ठरतो. शिवाय बर्फाखाली खडक भरडला जाताना सिलिकेट खनिजांच्या ताज्या पृष्ठांची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तोही त्यांना वापरता येतो. तिसरा प्रकार म्हणजे खडकांतच मुरलेला भूगर्भीय वायू, जो कोळसा किंवा शेल यांसारख्या थरांतून भेगांवाटे वर येतो.

पहिला प्रकार उत्सर्जनाच्या दृष्टीने जवळजवळ नगण्य आहे, हे साध्या हिशोबाने दिसते. एक टन हिमनदी-बर्फात साधारण १०० लिटर हवा असते. त्या हवेत औद्योगिक काळापूर्वीचे, म्हणजे सुमारे ०.७ पीपीएम मिथेन धरले, तर एका टनातून फक्त ०.०७ मिलिलिटर मिथेन निघतो. वितळलेल्या पाण्यात त्याची तीव्रता लिटरमागे सुमारे ३ नॅनोमोल होते. आता आजच्या हवेशी, म्हणजे १.९ पीपीएम मिथेनशी, समतोलात असलेले ० अंशाचे गोडे पाणी समुद्रसपाटीला सुमारे ५ नॅनोमोल मिथेन धरते. म्हणून हिमनदीच्या मुखाशी लिटरमागे १०० किंवा २०० नॅनोमोल आढळले, तर तो वायू बर्फातल्या हवेचा असू शकत नाही. तो तळातूनच आलेला असतो. हा हिशोब प्रत्येक नवोदिताने स्वतः कागदावर मांडावा, कारण पुढच्या सगळ्या मोजमापांचा अर्थ याच दोन आकड्यांच्या आधारे लावायचा असतो.

दुसरी पायरी: कुठे काय सापडले ते समजून घेणे

सर्व शोधनिबंध वाचण्याची गरज नाही, पण चार ठिकाणे नीट माहीत हवीत. ग्रीनलंडच्या लेव्हरेट हिमनदीतून वाहणाऱ्या नदीवर ब्रिटिश हिमनदीशास्त्रज्ञ जेमा वॉडहॅम यांच्या गटाने २०१५ च्या वितळ-हंगामात सातत्याने मोजमापे केली. ६०० चौरस किलोमीटरहून मोठ्या क्षेत्रातून त्या हंगामात सुमारे ६ टन मिथेन पाण्यावाटे बाहेर आला. आइसलंडच्या सोलहेमायोकुल हिमनदीतून मात्र उन्हाळ्यात दिवसाला ४१ टनांपर्यंत मिथेन बाहेर पडतो असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकीकडे संपूर्ण हंगामाचे ६ टन आणि दुसरीकडे एका दिवसाचे ४१ टन, हा फरक कशाने पडतो? सोलहेमायोकुलजवळ कात्ला ज्वालामुखी आहे आणि त्याची उष्णता व वायू तळाशी पोचतात. हा फरक लक्षात ठेवला की एका हिमनदीचा आकडा क्षेत्रफळाने गुणून सगळ्या जगाला लावण्याचा मोह होत नाही.

तिसरे ठिकाण पश्चिम अंटार्क्टिकातले व्हिलन्स सरोवर. सुमारे ८०० मीटर बर्फ गरम पाण्याने भेदून २०१३ च्या जानेवारीत त्यातून नमुने काढले गेले. तळच्या गाळातून वर येणारा ९९ टक्क्यांहून अधिक मिथेन सरोवराच्या पाण्यातले मिथेनभक्षी जीवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने संपवतात, असे त्या नमुन्यांतून दिसले. चौथे ठिकाण स्वालबार्ड, हा आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह: मागे हटलेल्या हिमनद्यांनी मोकळ्या केलेल्या जमिनीवर भूजलाचे झरे फुटतात आणि त्यांतून प्रामुख्याने भूगर्भीय मिथेन येतो; २०२३ मध्ये ७८ हिमनद्यांच्या अभ्यासातून त्याचा अंदाज वर्षाला २,३०० टनांच्या आसपास मांडला गेला.

येथे प्रमाणाचे भान ठेवावे. जगातले सर्व स्रोत मिळून वर्षाला साधारण ६० कोटी टन मिथेन हवेत जातो. त्यापुढे हिमनद्यांचा आजवर मोजलेला वाटा फारच लहान आहे आणि अर्जात किंवा लेखात तो फुगवून लिहिणे मला अयोग्य वाटते. अभ्यासाची खरी गरज वेगळ्या कारणासाठी आहे. मोठ्या हिमचादरींच्या तळाचा बहुतेक भाग कोणी पाहिलेला नाही. ० अंश तापमानाला सुमारे ३०० मीटर जाडीच्या बर्फाचे वजन मिळाले की मिथेन आणि पाणी मिळून मिथेन हायड्रेट नावाचा घन पदार्थ टिकू शकतो आणि बर्फ पातळ होत गेला तर तो विघटित होऊ शकतो. अंटार्क्टिकाखाली असे साठे असावेत असा अंदाज २०१२ मध्ये गणिती प्रारूपांवरून मांडला गेला. तो तपासायचा असेल, तर आज उघड्या पडलेल्या कडांवर काळजीपूर्वक मोजमापे करणाऱ्या माणसांची गरज आहे.

तिसरी पायरी: कृष्णेच्या पाण्यावर हात बसवणे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. हरिपूरच्या संगमाजवळ संथ पाणी आणि गाळ असलेली जागा किंवा गावाजवळचे तळे निवडावे. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना गाळात काठी दाबली की बुडबुडे येतात. त्यात मुख्यतः मिथेन असतो. गोबर गॅसच्या टाकीत जे काम ३५ अंशांच्या आसपास चालते, तेच काम करणारे सूक्ष्मजीव येथेही असतात. हिमनदीखालचे त्यांचे भाऊबंद शून्याजवळ तेच करतात, फक्त फार सावकाश.

नमुना घेण्याची रीत अशी. ६० मिलिलिटरची सिरिंज आणि तीनतोंडी कॉक घ्यावा. सिरिंज पाण्याखाली नेऊन आतली सर्व हवा बाहेर घालवावी, दोन-तीनदा त्याच पाण्याने धुवावी आणि दट्ट्या सावकाश ओढून ३० मिलिलिटर पाणी घ्यावे. दट्ट्या घाईने ओढला की पाण्यावरचा दाब उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुडा होऊन सुटतो. सिरिंजच्या नळीवर चिकटलेले बारीक बुडबुडे दिसले, तर तो नमुना टाकून द्यावा. त्यानंतर ३० मिलिलिटर शुद्ध नायट्रोजन आत घ्यावा, कॉक बंद करून दोन-तीन मिनिटे जोराने हलवावे आणि वरचा वायू आधीच निर्वात केलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत सुईने थोडा जादा दाबाने भरावा. बाटलीला जाड बुटाइल रबराचे बूच आणि क्रिम्परने दाबलेली अॅल्युमिनियमची टोपी हवी. साध्या रबराच्या बुचातून वायू आठवड्याभरात झिरपू शकतो. पाण्याचे तापमान, हलवतानाचे तापमान आणि हवेचा दाब त्याच क्षणी वहीत लिहावा.

या बाटल्या एफआयडी (ज्योत-आयनीकरण) शोधक असलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजल्या जातात. भाताच्या शेतातल्या मिथेनवर काम करणाऱ्या कृषी प्रयोगशाळांत आणि अनेक विज्ञान महाविद्यालयांत हे यंत्र असते. तेथील तंत्रज्ञांना आधी भेटून, आपल्या बाटल्यांचा आकार व वायूचे आकारमान त्यांच्या पद्धतीशी जुळते का ते विचारून मगच नमुने घ्यावेत. प्रत्येक खेपेला तीन समान नमुने, एक कोरा नमुना आणि प्रमाणित मिथेनचे किमान दोन वेगवेगळ्या तीव्रतेचे नमुने असल्याशिवाय आलेल्या वाचनावर विश्वास ठेवू नये.

आता हिशोब. समजा सिरिंजमधल्या वायूत १० पीपीएम मिथेन आला आणि तापमान २५ अंश होते. सांगलीची उंची सुमारे ५५० मीटर असल्याने दाब साधारण ०.९४ वातावरण आहे. वायूत लिटरमागे ३८४ नॅनोमोल आणि हेन्रीच्या नियमानुसार पाण्यात उरलेले १३, अशी बेरीज करता मूळ पाण्यात सुमारे ४०० नॅनोमोल मिथेन होता. हेच वाचन, हेच तापमान, पण ४,००० मीटर उंचीवर मिळाले असते, तर तेथे दाब सुमारे ०.६१ वातावरण असल्याने उत्तर २६० च्या आसपास आले असते. दाबाची नोंद विसरली की हिमालयातले सगळे आकडे दीडपटीहून अधिक फुगतात. नायट्रोजनऐवजी साधी हवा वापरली असेल, तर त्या हवेतला मिथेन वेगळा मोजून वजा करावा लागतो, आणि गोठ्याजवळची किंवा रस्त्याकडेची हवा २ पीपीएम असेलच असे नाही.

चौथी पायरी: विसर्ग काढणे

पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. हिमनदीच्या मुखाशी हीच दोन मोजमापे लागतात, कारण तीव्रता गुणिले विसर्ग केल्याशिवाय बाहेर पडणारे मिथेनचे वस्तुमान मिळत नाही.

साताऱ्याच्या डोंगरातल्या एखाद्या खळाळत्या ओढ्यावर, पाऊस ओसरल्यानंतर, मिठाच्या पद्धतीने विसर्ग मोजण्याचा सराव करावा. एक किलो मीठ बादलीतल्या ओढ्याच्या पाण्यात पूर्ण विरघळवून एकदम प्रवाहाच्या मध्यावर ओतायचे आणि शंभरेक मीटर खाली विद्युतवाहकता मापकाचे वाचन दर पाच सेकंदांनी लिहायचे. वाहकता चढते, टोकाला जाते आणि पुन्हा मूळ पातळीवर येते. त्या वक्राखालचे क्षेत्रफळ आणि मिठाचे वजन यांवरून विसर्ग निघतो. मीठ आणि वाहकता यांचे नाते त्याच ओढ्याच्या पाण्यात आधी तपासून घ्यावे. हिमनदीचे पाणी गढूळ, उथळ आणि दगडांवर आदळत जाणारे असते. तेथे पंख्याच्या प्रवाहमापकापेक्षा ही पद्धत अधिक भरवशाची ठरते. नंतर वेगवेगळ्या पातळ्यांवरचे विसर्ग काढून पातळी-विसर्ग आलेख तयार केला, की पुढे केवळ दाबमापकाने पाण्याची पातळी नोंदवूनही भागते.

उदाहरणार्थ, वाहत्या पाण्यात लिटरमागे २०० नॅनोमोल मिथेन आणि विसर्ग सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे सुमारे १७७ क्युसेक असेल, तर दिवसाला साधारण १.४ किलो मिथेन वाहतो. दोन घनमीटरच्या दोन घरगुती गोबर गॅस संयंत्रांतून दिवसाला निघणाऱ्या मिथेनपेक्षाही हे थोडे कमीच आहे.

पाचवी पायरी: थंड गाळातली निर्मिती तपासणे

मिथेन खरोखर तेथेच तयार होतो का, हे पाहण्यासाठी गाळ बंद बाटलीत ठेवून आठवडे-महिने वाट पाहावी लागते. सरावासाठी तळ्यातला गाळ नायट्रोजनखाली बाटल्यांत भरावा, काही बाटल्या खोलीत आणि काही बर्फाच्या पाण्यात किंवा ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात. काही बाटल्यांतला गाळ प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन वेळा निर्जंतुक करून घ्यावा. त्या मृत बाटल्यांतही मिथेन वाढताना दिसला, तर तो नव्याने तयार झालेला नसून गाळात मुरलेला जुना वायू सुटत आहे. ही तुलना नसेल तर निर्मितीचा दावा करता येत नाही. एक सूचना आवर्जून करावीशी वाटते: आपल्या जिल्ह्यात बेदाण्याची शीतगृहे ठायीठायी आहेत आणि तेथे जागा मिळणे सोपे असते, पण रसायने घातलेले किंवा गाळाचे नमुने अन्नाच्या शीतगृहात कदापि ठेवू नयेत.

सहावी पायरी: उगम ओळखणे

कार्बन-१३ चे डेल्टा मूल्य, म्हणजे जड कार्बनचे प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती कमी-जास्त आहे तो आकडा, उणे ६० प्रति हजार किंवा त्याहून खाली असेल, तर मिथेन बहुधा सूक्ष्मजीवांचा असतो. उणे ५० च्या वर असेल, तर भूगर्भीय असण्याची शक्यता वाढते. पण मिथेनभक्षी जीवाणू हलका कार्बन आधी वापरतात, त्यामुळे अर्धवट संपलेला जैविक मिथेन जड होऊन भूगर्भीय मिथेनसारखा दिसू लागतो. म्हणून एकट्या कार्बनवर निष्कर्ष काढू नये. हायड्रोजनचे समस्थानिक आणि सोबत इथेन आहे का हे तपासावे. सूक्ष्मजीव इथेन जवळजवळ तयार करत नाहीत.

सातवी पायरी: हिमनदी निवडणे

हे काम सांगलीत बसून होते. रँडॉल्फ हिमनदी सूचीतून हद्दी, सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमांमधून मुख व वितळपाण्याचे प्रवाह आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून खडकांचे नकाशे मिळतात. तिन्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत एकमेकांवर ठेवून पाहावेत. तळाशी गाळाचे खडक असणारी, एकाच ठळक प्रवाहाने पाणी बाहेर टाकणारी आणि मुखापर्यंत सुरक्षित पायवाट असणारी हिमनदी नवोदितासाठी योग्य. उपग्रहांनी टिपलेले मिथेनचे नकाशे मात्र येथे फारसे कामाचे नाहीत. ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक ठोकळा (पिक्सेल) सुमारे ५.५ गुणिले ७ किलोमीटरचा असतो आणि ज्या अवरक्त लहरींवर ते मिथेन वाचते, त्या लहरी बर्फ फार शोषून घेतो. नकाशावर दिसणारा रंग पाहून हिमनदीबद्दल बोलू नये.

आठवी पायरी: प्रत्यक्ष हिमालयात

गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये हिमाचलातल्या चंद्रा खोऱ्यात, सुत्री ढाका हिमनदीजवळ, ४,००० मीटरहून अधिक उंचीवर हिमांश हे संशोधन केंद्र सुरू केले. याच संस्थेमार्फत स्वालबार्डमधल्या हिमाद्री केंद्रावर आणि अंटार्क्टिकातल्या मैत्री व भारती केंद्रांवरही प्रकल्प पाठवता येतात. डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था हिमनद्यांवर दीर्घकाळ काम करत आहे. नवोदिताने स्वतंत्र मोहिमेचा हट्ट न धरता अशा चालू मोहिमेत पाण्याचे नमुने घेण्यापुरते सामील व्हावे आणि अर्जासोबत कृष्णेवरच्या सरावाची आकडेवारी जोडावी; आपल्या तीन समान नमुन्यांत किती फरक पडतो हे दाखवणारा तक्ता शिफारसपत्रापेक्षा अधिक बोलतो.

नमुने मुखाच्या शक्य तितक्या जवळ घ्यावेत. खळाळत्या पाण्यातून मिथेन पहिल्या काही शे मीटरांतच हवेत निसटतो. खाली रस्त्याच्या पुलावर घेतलेला नमुना निर्दोष असूनही शून्याजवळ येऊ शकतो. तरीही बर्फाच्या कमानीखाली किंवा गुहेत शिरू नये, कारण दुपारी छत कोसळते. ग्रीनलंडमध्ये अशा एका गुहेच्या तोंडाशी हवेवाटेही मिथेन बाहेर येतो हे २०१८ मध्ये दाखवले गेले आहे. तो मोजायचा असेल, तर लांब नळी बांबूला बांधून हवा बाहेर ओढून घ्यावी.

एकच नमुना घेऊन परतणे सर्वांत वाईट. पहाटे विसर्ग कमी असतो आणि तळचे पाणी अधिक प्रमाणात असते. दुपारी पृष्ठभागाचे वितळपाणी मिसळून तीव्रता उतरते, पण एकूण वस्तुमान वाढलेलेही असू शकते. त्यामुळे किमान एक पूर्ण दिवसरात्र, दर दोन-तीन तासांनी नमुना, विसर्ग आणि वाहकता घ्यावी, आणि जमले तर हंगामाच्या सुरुवातीला व शेवटाला हा क्रम पुन्हा करावा. वाहकता चढलेली आणि मिथेनही चढलेला दिसला, तर ते पाणी तळाशी बराच काळ राहिलेले आहे असे समजण्यास आधार मिळतो.

नमुने टिकवण्यासाठी मर्क्युरिक क्लोराइड प्रभावी असले तरी ते जहाल विष आहे. नवोदितांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आम्लही टाळावे, कारण हिमनदीच्या पिठासारख्या गाळात कार्बोनेट असेल तर कार्बन डायऑक्साइड फसफसून बाटलीतला दाब बिघडतो. वर सांगितल्याप्रमाणे जागेवरच वायू वेगळा काढून कोरड्या बाटलीत नेणे सर्वांत सोपे. मनालीहून सांगलीपर्यंतच्या प्रवासात उंची व तापमान बदलते, म्हणून काही बाटल्यांत प्रमाणित मिथेन भरून त्या जाताना-येताना सोबत न्याव्यात. घरी आल्यावर त्यांचे वाचन घटलेले आढळले, तर गळती किती झाली ते कळते.

नववी पायरी: आकडा नोंदवणे

तक्त्यात तीव्रता, दाब, दोन्ही तापमाने, विसर्ग, मुखापासूनचे अंतर, वेळ आणि गळतीची दुरुस्ती यांचे वेगवेगळे स्तंभ असावेत. समतोलाची तीव्रता त्या उंचीच्या दाबाने काढावी. ४,००० मीटरवर ० अंशाला ती ५ नव्हे, तर सुमारे ३ नॅनोमोल असते. नदीतून वाहत गेलेला मिथेन आणि हवेत गेलेला मिथेन एकाच शीर्षकाखाली टाकू नये: मुखाशी आणि काही अंतर खाली अशा दोन ठिकाणच्या वस्तुमानांतला फरक, मधे मिसळलेल्या ओढ्यांची वजावट करून, स्वतंत्रपणे द्यावा, आणि त्यातला किती सूक्ष्मजीवांनी संपवला असू शकतो याची कमाल मर्यादा बाटलीतल्या प्रयोगावरून लिहावी. शून्याजवळ आलेली मोजमापेही गाळू नयेत. पूर्ण तक्ता पँगियासारख्या खुल्या विदागारात ठेवला, की हिमालयातल्या इतर हिमनद्यांवर काम करणाऱ्यांना तो थेट वापरता येतो.